नंदीपासून कब्बाळदुर्गापर्यंत : कोरड्या मुलुखातील सात दिवस

बंगळुरात राहणारा मराठी माणूस इतिहासाविषयी बोलू लागला, म्हणजे त्याच्या मुखी प्रथम शहाजीराजांचे नाव येते. १६३८ साली विजापूरचा सरदार रणदुल्लाखान याने केंपेगौडाकडून हे शहर घेतले आणि कोलार, होसकोटे, दोड्डबळ्ळापूर, शिरे या ठाण्यांसह ते शहाजीराजांकडे जहागीर म्हणून आले, हे आपल्या घरातील मुलांनाही ठाऊक असते. तेथून आपली कल्पना एकदम तंजावरास उडी घेते. मधे राहून जातो तो बंगळूरच्या उत्तरेकडील विस्तीर्ण, कोरडा व खडकाळ प्रदेश. सुटीत उद्यान एक्स्प्रेसने गावी निघालेली आपली कुटुंबे हिंदुपूर, अनंतपूर, गुंतकल ही स्थानके झोपेतच ओलांडतात आणि सकाळी सोलापूरच्या वाटेवर चहासाठी जागी होतात. ज्या भूमीवर मराठ्यांचे घोडे शंभर वर्षांहून अधिक काळ दौडले, ती भूमी अशा रीतीने आपल्याला केवळ काळोखातील खडखडाट म्हणून परिचित आहे.

ही भूमी पायी पाहावी, या हेतूने आम्ही काही समवयस्क मंडळींनी डिसेंबरातील एक आठवडा राखून ठेवला. दोन ठिकाणांमधील अंतर मोटारीने वा रेल्वेने काटावयाचे. परंतु डोंगर, घळई आणि किल्ला मात्र पायांनीच चढावयाचा वा उतरावयाचा, असा आमचा नियम होता. प्रस्तुत लेख म्हणजे त्या सहलीची रोजनिशी नव्हे. त्या सात दिवसांत जे दगड, जे पाणी आणि जो इतिहास भेटला, त्यांची संगती लावण्याचा हा अल्प प्रयत्न आहे.

उगम

नंदीदुर्ग बंगळूरपासून अवघ्या साठ किलोमीटरांवर आहे. सूर्योदय व धुके पाहण्यासाठी तेथे गेला नाही असा बंगळूरकर विरळा. परंतु या डोंगरांच्या समूहातून किती नद्या निघतात, हे जाणणारे थोडेच. उत्तर पिनाकिनी म्हणजे पेन्नार, दक्षिण पिनाकिनी, चित्रावती, पापघ्नी, पालार आणि अर्कावती या सर्वांचे उगम याच परिसरात आहेत. यांपैकी पेन्नार ही सुमारे ५९७ किलोमीटर लांबीची नदी. ती नंदीजवळच्या चन्नकेशव टेकडीत जन्म घेते, समुद्राकडे न वळता आधी सरळ उत्तरेस जाते, अनंतपूर जिल्ह्यात पूर्वेकडे वळते आणि अखेर नेल्लूरजवळ बंगालच्या उपसागरास मिळते. आमच्या सात दिवसांच्या पूर्वार्धाची वाट या नदीनेच आखून दिली होती.

उगमाजवळ नदी पाहू गेल्यास निराशाच पदरी पडावयाची. पावसाळा सोडला तर पात्रात वाळू, बाभळी आणि क्वचित एखादे डबके. याचे कारण समजून घेतल्याशिवाय पुढचा इतिहास समजत नाही. नैर्ऋत्य मोसमी वारे आपला बहुतेक भार सह्याद्रीवर उतरवून टाकतात. ईशान्येचा पाऊस पूर्व किनाऱ्यावरच ओसरतो. दोन्ही पावसांच्या मधल्या या पट्ट्यात, अनंतपूर जिल्ह्यात, वर्षाकाठी सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. महाबळेश्वरास याच्या दसपट वा त्याहूनही अधिक पडतो. माण, खटाव, आटपाडी, जत या भागांतून आलेल्या आमच्या वाचकांस हे चित्र निराळे वाटणार नाही. ज्या सह्याद्रीने माणदेश कोरडा ठेवला, त्याच सह्याद्रीची पर्जन्यछाया येथवर पसरली आहे.

घळई

दुसऱ्या दिवशी ताडपत्रीस थांबून आम्ही गंडीकोट गाठले. ताडपत्रीची चिंतल वेंकटरमण आणि बुग्ग रामलिंगेश्वर ही विजयनगर काळातील मंदिरे शिल्पासाठी प्रसिद्धच आहेत. आमचे लक्ष मात्र 'बुग्ग' या शब्दाने वेधून घेतले. तेलुगूत बुग्ग म्हणजे झरा. नदीकाठच्या या देवळात लिंगापाशी सतत पाणी झिरपत असते. पाणी दुर्मिळ असलेल्या देशात देवास झऱ्याचे नाव मिळावे, यात नवल ते काय?

गंडीकोट कडप्पा जिल्ह्यात जम्मलमडुगूपासून पंधरा किलोमीटरांवर आहे. 'गंडी' म्हणजे डोंगरातील खिंड वा घळ. कन्नड व तेलुगू या दोन्ही भाषांत हा शब्द आहे. एर्रमल म्हणजे तांबड्या डोंगरांची रांग पेन्नारने येथे उभी चिरली आहे. थोडे वर चित्रावतीही तिला येऊन मिळते. म्हणजे नंदीच्या परिसरात निघालेल्या दोन बहिणी घळईत शिरण्यापूर्वी एकत्र येतात. कड्याच्या टोकावर उभे राहिले असता समोर सुमारे शंभर मीटर खोल दरी, दोन्ही बाजूंस एकावर एक रचलेल्या चिऱ्यांसारखे तांबडे थर आणि तळाशी हिरवट पाण्याची वळणे दिसतात. हा खडक क्वार्टझाइट जातीचा असून भूशास्त्रज्ञ त्याचे वय दीड अब्ज वर्षांहून अधिक मानतात. आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसातून झाला. त्याच्यापुढे हा खडक पणजोबांच्याही पणजोबांच्या वयाचा म्हटला पाहिजे.

हल्ली या जागेस 'भारताचे ग्रँड कॅन्यन' असे म्हणण्याचा प्रघात पडला आहे. अमेरिकेतील कोलोरॅडो नदीची ती घळई दीड किलोमीटरहून अधिक खोल आणि चारशे किलोमीटरांहून अधिक लांब आहे; तेव्हा आकाराने तुलना होऊच शकत नाही. परंतु एक साम्य आहे. डोंगरावर माणूस दमला की परत फिरतो, आणि परतीची वाट उताराची असते. घळईत याच्या उलट. उतरताना पाय ताजे, ऊन कोवळे, अंगात उत्साह. चढण येते ती दमल्यावर आणि उन्हात. म्हणून घळईत किती खाली जायचे हे पायांनी ठरवू नये, जवळच्या पाण्याने ठरवावे. राजगड-तोरण्यावर आयुष्य घालवलेल्या आमच्या एका सोबत्याने हा धडा तिसऱ्या दिवशी दुपारी मान्य केला, तोही दगडाच्या सावलीत बसून, रिकाम्या बाटलीकडे पाहत.

किल्ला या घळईच्या दक्षिण कड्यावर आहे. बाराव्या शतकात, १११३ नव्हे तर ११२३ साली, चालुक्यांच्या मांडलिकाने येथे प्रथम ठाणे केले असे मानतात. विजयनगरच्या काळात पेम्मसानी नायकांनी ते वाढविले. १६५० च्या सुमारास गोवळकोंड्याचा मीर जुमला याने ते घेतले, आणि १६५२ साली ताव्हेर्निये हा फ्रेंच जवाहिऱ्या त्याच्या भेटीस येथवर आला होता. आज तटाच्या आत माधवराय व रंगनाथ यांची मंदिरे, जामा मशीद, मोठे धान्यकोठार आणि तलाव ही शेजारी शेजारी उभी आहेत. आणि तटाच्या आतच एक लहानसे गावही नांदते आहे.

किल्ल्यात हिंडताना एक गोष्ट मनास वारंवार टोचते. एका बाजूस नैसर्गिक खंदक म्हणून साक्षात नदी आहे, परंतु ती शंभर मीटर खाली. वेढा पडला असता ते पाणी दिसत राहणार, पण घागरीत येणार नाही. म्हणून गडकऱ्यांची सारी भिस्त तलावांवर आणि आकाशावर. सह्याद्रीच्या किल्ल्यांवर कातळात खोदलेली टाकी चार महिन्यांच्या पावसाने तुडुंब भरतात. येथे मात्र एक पावसाळा हुकला की तटाची उंची निरर्थक ठरते.

आता या घळईत जे पाणी दिसते, त्याची कथा मराठी वाचकाने आवर्जून ऐकावी अशी आहे. घळईच्या वरच्या अंगास गंडीकोट जलाशय आणि खालच्या अंगास मैलवरम धरण आहे. गंडीकोट जलाशयात पेन्नारचे पाणी अपुरे पडते म्हणून गालेरु-नगरी योजनेच्या कालव्यांतून श्रीशैल धरणाचे, म्हणजे कृष्णेचे पाणी आणून सोडले जाते. कृष्णा निघते महाबळेश्वरी. सह्याद्रीने ज्या मुलुखाचा पाऊस अडवला, त्यास त्याच सह्याद्रीतील नदी शेकडो किलोमीटरांचा वळसा घेऊन थोडी भरपाई करून देत आहे! वाई-सांगलीच्या घाटांवर आपल्या आयाबहिणींनी ज्या प्रवाहात दिवे सोडले, त्याचा अंश नंदीच्या पाण्यात मिसळून या तांबड्या कड्यांखाली उभा आहे. मात्र या जलाशयाच्या फुगवट्याखाली अनेक गावे गेली व तेथील कुटुंबांस घरे सोडावी लागली, हेही येथे नमूद केले पाहिजे. कोयनाकाठचे जे वाचक असतील, त्यांस यावर अधिक सांगावयास नको.

गुत्ती

या कडप्पा-कर्नूल मुलुखाशी मराठ्यांचा संबंध जुना आहे. १६७७ च्या दक्षिण दिग्विजयात शिवाजीमहाराज कर्नूल, श्रीशैल, कडप्पा या बाजूनेच तिरुपतीकडे उतरले. १७५७ साली पेशव्यांचे सरदार बळवंतराव मेहेंदळे यांच्याशी झालेल्या लढाईत कडप्पाचा नवाब मारला गेला. परंतु फौजा आल्या आणि गेल्या. येथे ठाण मांडून राहिला तो एकच मराठा सरदार: गुत्तीचा मुरारराव घोरपडे.

गुत्ती अनंतपूर जिल्ह्यात, भोवतालच्या सपाटीपासून सुमारे तीनशे मीटर उंच अशा उघड्या खडकावर उभी आहे. चौथ्या दिवशी सकाळी आम्ही दरवाज्यामागून दरवाजे ओलांडीत वर चढलो. येथील सर्वांत जुने शिलालेख कानडी असून चालुक्य सम्राट सहाव्या विक्रमादित्याच्या काळचे आहेत. माथ्याजवळ कड्याच्या अगदी काठावर एक लहान मंडप आहे. त्यास मुराररावांची बैठक म्हणतात. ते येथे बसून बुद्धिबळे खेळत आणि कैद्यांचा कडेलोट पाहत, अशी दंतकथा स्थानिक लोक सांगतात. दंतकथा खरी असो वा खोटी. दोन शतकांनंतरही येथल्या लोकांनी त्या माणसास कोणत्या रूपाने लक्षात ठेवले, हे तिच्यावरून कळते.

मुरारराव सेनापती संताजी घोरपडे यांच्या कुळातले. त्यांचे वडील सिदोजीराव यांनी १७२८ साली बेडर पाळेगाराकडून सोंडूर जिंकले. १७४१ मध्ये रघूजी भोसल्यांनी त्रिचनापल्ली घेतली, तेव्हा ती मुराररावांच्या स्वाधीन केली आणि दोन वर्षे त्यांनी ती सांभाळली. १७५१ साली क्लाइव्ह अर्काटात कोंडला गेला असता मुराररावांची सहा हजार घोडी जवळच होती, आणि ती त्याच्या मदतीस निघाल्याच्या वार्तेने वेढा घालणाऱ्यांचा धीर सुटू लागला. दोन वर्षांनी हेच मुरारराव फ्रेंचांच्या आणि म्हैसूरकरांच्या बाजूस होते. १७५६ साली ते सावनूरच्या नवाबाबरोबर प्रत्यक्ष पेशव्यांच्या विरुद्ध उभे राहिले. १७६८ साली ते इंग्रजांबरोबर हैदरअलीशी लढत बंगळूरच्या वेशीवर, होसकोट्यास आले. तेथे हैदरने त्यांच्या छावणीवर रात्री छापा घातला. मुराररावांनी हुकूम दिला की, आपल्यापैकी कोणीही घोड्यावर बसू नये. प्रत्येकाने आपल्या घोड्याच्या तोंडाशी उभे राहावे आणि जो स्वार दिसेल तो शत्रू समजून कापावा. अंधारात मित्र व शत्रू ओळखण्याची याहून सोपी युक्ती कोणती? छापा फसला. आज होसकोट्याच्या रस्त्यावर वाहनांच्या रांगेत अडकलेल्या मराठी तरुणास हा प्रसंग कोणी तरी सांगितला पाहिजे.

या चरित्राकडे आपण कसे पाहावे? स्वराज्याचा निष्ठावंत पाईक म्हणून त्यांस गौरवावे, तर कागद तसे बोलत नाहीत. केवळ भाडोत्री म्हणून झटकून टाकावे, तर समकालीन इंग्रज, फ्रेंच व म्हैसूरकर या सर्वांनी त्यांचे युद्धकौशल्य मानले आहे. आमच्या मते गुत्तीचा खडक पाहिल्यावर उत्तर सुचते. या भूमीत घोडदळ पोसण्याइतके पिकत नाही. जो येथे फौज बाळगील, त्यास ती दुसऱ्याच्या पैशावर वा दुसऱ्याच्या मुलुखावरच बाळगावी लागणार. चौथाई, खंडणी, युद्धाचा मोबदला ही नावे निराळी. ओझे मात्र अखेर रयतेच्या शिरावर पडत होते. १८७६ ते १८७८ च्या भीषण दुष्काळात ज्या बळ्ळारी, कर्नूल व कडप्पा जिल्ह्यांत माणसे असंख्य मेली, तीच ही रयत. आपल्या पूर्वजांच्या दौडीचा अभिमान बाळगताना त्या दौडीचा खर्च कोणी सोसला, हेही आपण मुलांस सांगितले पाहिजे.

मुराररावांचा अंतही पाण्यानेच केला. १७७५ च्या अखेरीस हैदरने गुत्तीस वेढा घातला. खालचा कोट व पेठ पडली, वरचा गड टिकला. पण टाक्या-विहिरींतील पाणी सरत आले. मुराररावांनी खंडणीचा तह केला व एक तरुण ओलीस म्हणून दिला. विल्क्स आपल्या म्हैसूरच्या इतिहासात सांगतो की, हैदरने त्या तरुणाची आर्जवे करून त्याच्याकडून गुपित काढून घेतले: गड तलवारीपुढे नमला नसून तहानेपुढे नमला आहे. मग काय, हैदरने निमित्त काढून तह मोडला व वेढा पुन्हा आवळला. १७७६ साली गुत्ती पडली आणि मुरारराव कैद झाले.

सोंडूर

पाचव्या व सहाव्या दिवशी आम्ही बळ्ळारी ओलांडून सोंडुरास गेलो. घोरपड्यांच्या कहाणीचा उत्तरार्ध येथे आहे. दोन समांतर डोंगररांगांमध्ये दडलेले हे खोरे बाहेरून दिसतच नाही. नारिहळ्ळ नावाचा ओढा एका बाजूने ओबळगंडी फोडून आत येतो व दुसऱ्या बाजूस भीमगंडी फोडून बाहेर पडतो. पुन्हा तोच शब्द: गंडी. परंतु गंडीकोटाची घळई तांबडी व उघडी, तर येथील अरुंद खिंडी झाडीने झाकलेल्या, लोखंडाच्या गंजासारख्या काळपट-तांबूस. डोंगरमाथ्यावर कुमारस्वामी व पार्वती यांची हजार वर्षांहून जुनी मंदिरे आहेत. पायवाटेने तेथवर चढताना हवा गार होत जाते, आणि आपण बळ्ळारी जिल्ह्यात आहो याचा क्षणभर विसर पडतो.

गुत्तीबरोबर सोंडूरही हैदरकडे गेले होते. मुराररावांचे दत्तक पुत्र शिवराव ते परत घेण्याच्या प्रयत्नात पडले. १७९० साली घराण्याने टिपूचे लोक हुसकून दिले आणि पुढे हे चिमुकले संस्थान ब्रिटिश अमदानीत टिकून राहिले. १९४९ साली ते मद्रास प्रांतात विलीन झाले व १९५३ साली म्हैसूर राज्यात आले. यानंतरचा भाग आम्हांस अधिक मोलाचा वाटतो. याच घराण्यातील मुरारराव यशवंतराव, म्हणजेच एम. वाय. घोरपडे (१९३१-२०११), कर्नाटकाचे अर्थमंत्री झाले, राज्याच्या पंचायत राज्यव्यवस्थेसाठी झटले आणि वन्यजीवांचे छायाचित्रकार म्हणून देशाबाहेरही नावाजले गेले. अठराव्या शतकातील मुराररावांस या भूमीने भयाने आठवणीत ठेवले. विसाव्या शतकातील मुराररावांस मतपेटीतून निवडून दिले. अडीचशे वर्षांत एका घराण्याने केलेला हा प्रवास कोणत्याही लढाईहून लहान नाही.

सोंडूर म्हणजे नंदनवन, असा मात्र कोणी समज करून घेऊ नये. मॅंगनीज व लोहखनिजाच्या खाणींनी येथील कित्येक डोंगर सोलून काढले. बेसुमार खाणकामाचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि २०११ साली बळ्ळारी जिल्ह्यातील खाणकाम थांबविण्याचा आदेश निघाला. पुढे ते निर्बंधांखाली पुन्हा सुरू झाले. याच खोऱ्यात लंबाणी स्त्रियांचे आरसे-कवड्यांचे भरतकामही जोपासले गेले असून त्यास भौगोलिक मानांकन मिळाले आहे.

कब्बाळदुर्ग

होसपेट्याहून रात्रीच्या गाडीने परतून सातव्या दिवशी आम्ही बंगळूरच्या दक्षिणेस, कनकपुरा तालुक्यातील कब्बाळदुर्गावर गेलो. पायथ्याशी कब्बाळम्मा देवीचे मंदिर आहे व तेथे भाविकांची सदैव दाटी असते. वर जाणारे फार थोडे. उभ्या खडकावरून श्वास सांभाळीत चढावे लागते. माथ्यावर पडक्या भिंती आणि वारा. हैदर व टिपू यांच्या अमदानीत हा किल्ला राजकैद्यांसाठी वापरीत, आणि येथील रोगट हवापाण्याची ख्याती अशी होती की, येथे पाठविणे म्हणजे निराळी शिक्षा देण्याची गरज न उरणे. गुत्तीचे मुरारराव प्रथम श्रीरंगपट्टणास व तेथून येथे आणले गेले आणि येथेच त्यांचा अंत झाला. त्यांच्या नावाचा दगड आम्हांस तेथे आढळला नाही. त्रिचनापल्लीपासून सावनूरपर्यंत ज्याचे घोडे पाणी प्याले, तो सरदार आपल्या या बंगळूरपासून दोन तासांच्या वाटेवर, एका वाईट पाण्याच्या खडकावर मेला.

उपसंहार

आपले मंडळ पन्नास वर्षांचे झाले. एवढ्या काळात आपण गणेशोत्सव, नाटके, कोजागरी, मुलांचे मराठी वर्ग यांतून मराठीपण जतन केले, हे भूषणावहच आहे. परंतु या शहरात आपण कोण, हा प्रश्न पुढची पिढी विचारू लागली आहे. शहाजीराजांचे वारस म्हणावे, तर ती जहागीर १६८७ सालीच हातची गेली. केवळ नोकरीनिमित्त आलेले पाहुणे म्हणावे, तर भावसार क्षत्रिय, नामदेव शिंपी यांसारखे समाज पिढ्यान्‌पिढ्या येथे नांदत आहेत. त्यांच्या घरच्या मराठीत कानडी इतकी मिसळली आहे की, सांधा दाखविता येऊ नये. आम्हांस वाटते, गुत्ती आणि सोंडूर या दोन ठिकाणांमध्ये या प्रश्नाचे उत्तर आहे. गडावर बसून मुलुखाकडे पाहणारा गडाबरोबर गेला. खोऱ्यात उतरून तेथल्या पाण्याला व माणसांना आपले म्हणणारा राहिला.

ज्या वाचकांस ही वाट चालावीशी वाटेल, त्यांस दोन शब्द. नोव्हेंबर ते जानेवारी हाच काळ निवडावा. मार्चनंतर तो खडक तापलेल्या तव्यासारखा होतो. गंडीकोटास सकाळी लवकर उतरावे व ऊन चढण्यापूर्वी वर यावे. कड्याच्या काठाशी मुलांचे हात सोडू नयेत. गुत्तीच्या चढावर सावली नाही, हे ध्यानी ठेवावे. माणशी निदान तीन लिटर पाणी बरोबर असावे. चार वाक्ये तेलुगूची व चार कानडीची पाठ करून जावीत. त्यांचा उपयोग नकाशाहून अधिक होतो. आणि पुढच्या सुटीत उद्यान एक्स्प्रेसने गावी जाताना गुत्ती-गुंतकलच्या सुमारास जाग आलीच, तर खिडकीची झडप वर करावी. काळोखात काही दिसणार नाही. पण बाहेर काय आहे, हे आता आपणांस ठाऊक असेल.